माणसांपासून दूर पळणारा शास्त्रज्ञ : हेन्री कॅव्हेंडिश, स्वमग्नता आणि समानुभूती

शाळेत हायड्रोजनचा धडा शिकताना हेन्री कॅव्हेंडिश हे नाव आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते. हा वायू इतर वायूंपेक्षा वेगळा आहे हे त्याने १७६६ मध्ये प्रयोगांनी दाखवले. पाणी हे मूलद्रव्य नाही हे समजण्यातही त्याचा मोठा वाटा होता. उतारवयात त्याने पृथ्वीची घनता मोजली आणि त्याचे उत्तर आजच्या आकड्याच्या अगदी जवळ आले.

या शास्त्रज्ञाची आणखी एक ओळख आहे, ती पाठ्यपुस्तकात नसते. अनोळखी माणसाने त्याच्या डोळ्यांत पाहिले की तो गडबडून जायचा. घरातल्या मोलकरणींनी समोर येऊ नये अशी त्याची ताकीद होती. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी आलेल्या चरित्रात तो जणू भावनाच नसलेला माणूस म्हणून रंगवला गेला. पुढे २००१ मध्ये ऑलिव्हर सॅक्स या मेंदूविकारतज्ज्ञाने एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की कॅव्हेंडिशच्या वागण्यात अ‍ॅस्पर्जर सिंड्रोमची, म्हणजे स्वमग्नतेच्या एका प्रकाराची, ठळक लक्षणे दिसतात.

स्वमग्न मुलांचे आईवडील, तसेच मोठेपणी निदान झालेल्या व्यक्तींचे जोडीदार, डॉक्टरांना एक प्रश्न फार अवघडून विचारतात. आम्ही रडलो, आजारी पडलो, तरी याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. मग याला आमच्याबद्दल काही वाटते की नाही? या प्रश्नाचा विचार करायला कॅव्हेंडिशचे आयुष्य चांगले उदाहरण आहे.

आईविना बालपण

हेन्रीचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस येथे झाला. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा ते सार्डिनियाच्या राज्यात होते. कुटुंब इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत सरदार घराण्यांपैकी एक. वडील लॉर्ड चार्ल्स हे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांचे पुत्र, आई लेडी अ‍ॅन ही ड्यूक ऑफ केंट यांची मुलगी. धाकटा भाऊ फ्रेडरिक याच्या जन्मानंतर थोड्याच काळात, १७३३ मध्ये, आई वारली. हेन्री तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता.

वडिलांनी दोन्ही मुलांना वाढवले. लॉर्ड चार्ल्स स्वतः हौशी पण कसलेले संशोधक होते. तापमापीवरच्या कामासाठी रॉयल सोसायटीने त्यांना १७५७ मध्ये कोपली पदक दिले होते. हेन्री लंडनजवळच्या हॅकनी येथील शाळेत शिकला, मग केंब्रिजला गेला आणि १७५३ मध्ये पदवी न घेताच परतला. त्या काळी सरदारांच्या मुलांनी पदवी न घेणे ही काही नवलाची गोष्ट नव्हती. केंब्रिजमध्येच फ्रेडरिक खिडकीतून खाली पडला, त्याच्या मेंदूला इजा झाली आणि तिचा परिणाम आयुष्यभर राहिला.

परतल्यावर हेन्री लंडनमध्ये वडिलांच्या घरीच राहिला. १७८३ मध्ये वडील वारले तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता. म्हणजे जवळजवळ तीस वर्षे बाप-लेक एका छताखाली राहिले. दोघांची आवड एकच होती. वडीलच त्याला पाहुणा म्हणून रॉयल सोसायटीच्या सभांना नेऊ लागले आणि १७६० मध्ये तो तिचा सदस्य झाला. इतरांशी न जमणाऱ्या मुलाला त्याच्याच आवडीच्या वाटेने हात धरून माणसांत नेणारा बाप मिळाला, ही हेन्रीच्या आयुष्यातली फार मोलाची गोष्ट होती.

घरातल्या चिठ्ठ्या

वडिलांच्या पश्चात त्याचे घरातले वागणे लंडनमध्ये चर्चेचा विषय झाले. जेवायला काय हवे ते तो चिठ्ठीवर लिहून दिवाणखान्याबाहेरच्या मेजावर ठेवी, आणि घर सांभाळणारी बाई ती चिठ्ठी वाचून स्वयंपाकाचे बघे. दोघांची गाठ पडण्याचे कारणच उरत नसे. जिन्यात एकदा मोलकरीण समोर आल्यामुळे त्याने नोकरांसाठी वेगळा जिना बांधून घेतला, असे सांगतात.

जेवणही ठरलेले असे, मेंढीच्या मांडीचे मटण. एकदा काही पाहुणे येणार होते. एक मांडी इतक्या जणांना पुरणार नाही असे नोकराने सांगितल्यावर त्याने दोन करायला सांगितल्या. पाहुण्यांसाठी वेगळे काही करावे हे त्याच्या मनातच आले नसावे.

कपडेही कधी बदलले नाहीत. फिकट पडलेला जांभळा कोट, उंच कॉलर, हाताला झालर आणि तीन कोपऱ्यांची टोपी, असा मागच्या पिढीतला वेश त्याने अखेरपर्यंत ठेवला. लंडनमध्ये त्याने स्वतःच्या पुस्तकांचे ग्रंथालय केले होते आणि ओळखीच्या अभ्यासकांना तिथून पुस्तके मिळत. तो स्वतः आपलेच पुस्तक घरी नेताना रीतसर नोंद करत असे.

गुरुवारचे जेवण

हे सगळे वाचून वाटेल की हा माणूस जगापासून तोडून घेऊन बसला होता. तसे मात्र मुळीच नव्हते. रॉयल सोसायटीच्या सदस्यांचा एक भोजनमंडळ होता आणि दर गुरुवारी सगळे एकत्र जेवत. कॅव्हेंडिश या जेवणांना वर्षानुवर्षे नेमाने जात राहिला. सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर आणि अनेक समित्यांवर त्याने काम केले. दारूगोळ्याच्या कोठारांना विजेपासून कसे वाचवावे, सोसायटीची हवामानाची उपकरणे नीट आहेत का, अशी कामे तो मन लावून करी. ब्रिटिश म्युझियमचा तो विश्वस्त होता.

त्याला माणसांत यावेसे वाटत होते. अडचण यायची ती आल्यानंतर. सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्या घरी संध्याकाळी विद्वानांची बैठक भरे. कॅव्हेंडिश दारापर्यंत येऊन बाहेरच घुटमळत राही आणि मागून कोणी आले की मगच आत शिरे. अशाच एका बैठकीत परदेशातून आलेल्या एका गृहस्थाची त्याच्याशी ओळख करून देण्यात आली. ते गृहस्थ कौतुकाने बोलू लागले. कॅव्हेंडिश मान खाली घालून अवघडून उभा राहिला. गर्दीत जरा वाट दिसताच तो तिथून जवळपास पळत सुटला आणि थेट आपल्या बग्गीत जाऊन बसला.

त्याच काळातला विल्यम वोलास्टन हा शास्त्रज्ञ मूळचा डॉक्टर. कॅव्हेंडिशशी कसे बोलावे हे त्याने बरोबर हेरले होते. तो इतरांना सांगे की त्याच्याकडे पाहू नका. शेजारी उभे राहा, समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत विषय काढा आणि गप्प बसा. विषय त्याच्या आवडीचा असेल तर उत्तर हमखास येई, आणि ते ऐकण्यासारखे असे. आज वर्तनोपचारतज्ज्ञ पालकांना जे शिकवतात त्याच्याशी हा सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा सल्ला किती जुळतो, हे पुढे पाहू.

प्रयोगशाळेतला कॅव्हेंडिश

माणसांपुढे अडखळणारा हा गृहस्थ प्रयोगात विलक्षण बारकाईने पाहणारा होता. हवेतल्या नायट्रोजनवर प्रयोग करताना एक इवलासा बुडबुडा शेवटी उरतो, तो एकूण नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून मोठा नाही, अशी नोंद त्याने १७८५ मध्ये केली. सगळ्यांनी ती वाचली आणि सोडून दिली. रॅले आणि रॅम्से यांनी १८९४ मध्ये ऑरगॉन वायू शोधला, तेव्हा कळले की तो बुडबुडा बहुतांशी ऑरगॉनचाच होता.

विजेवरचे त्याचे बरेचसे काम त्याने छापलेच नाही. प्रवाह मोजायचे यंत्र नव्हते म्हणून तो विजेचा धक्का स्वतःच्या अंगावर घेई आणि तो कमी की जास्त हे ठरवी. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी जेम्स क्लार्क मॅक्सवेलने हे कागद तपासून १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे कूलॉम आणि ओहम यांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या नियमांपर्यंत कॅव्हेंडिश त्यांच्या आधीच पोचला होता, हे तेव्हा उघड झाले.

आपल्या दृष्टीने एक वेगळी नोंदही सांगायला हवी. चार्ल्स विल्किन्स या संस्कृत अभ्यासकाजवळ तीन हिंदू पंचांगे होती. ती अभ्यासून कॅव्हेंडिशने १७९२ मध्ये हिंदूंच्या वर्षाची आणि महिन्यांची मांडणी समजावून देणारा निबंध लिहिला. आकडे आणि आवर्तने जिथे असतील तिथे त्याचे मन रमे, मग ती कोणत्याही देशातली असोत.

पृथ्वीची घनता मोजण्याचा प्रयोग त्याने १७९७-९८ मध्ये केला, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. सुमारे १५८ किलोचे शिशाचे दोन मोठे गोळे आणि टांगलेल्या दांडीच्या टोकांना पाऊण किलोहून किंचित कमी वजनाचे दोन लहान गोळे. मोठा गोळा लहान गोळ्याला अगदी किंचित ओढतो, ती ओढ मोजायची. माणूस जवळ उभा राहिला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलते आणि मोजमाप बिघडते. म्हणून त्याने यंत्र बंद खोलीत ठेवले आणि बाहेरून दुर्बिणीने पाहिले. पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट आहे असे त्याने लिहिले. आजचा आकडा ५.५१ आहे.

बँकेचे लोक, ग्रंथपाल आणि एक गाय

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या माणसाला इतरांबद्दल काही वाटत होते का?

त्याच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या काही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहा. त्याच्या खात्यात ऐंशी हजार पौंड नुसतेच पडून होते, म्हणून बँकेचे लोक भेटायला आले. त्याचे पैसे वाढावेत हाच त्यांचा हेतू. कॅव्हेंडिश मात्र वैतागला. पुन्हा असा त्रास दिलात तर पैसे काढून घेईन असे त्याने त्यांना बजावले. समोरच्याचा हेतू चांगला आहे, आपल्या बोलण्याने तो दुखावेल, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

दुसरी गोष्ट ग्रंथपालाची. त्याच्या पुस्तकांची व्यवस्था लावणारा एक गृहस्थ पुढे काम सोडून गेला. तो आजारी आहे, हलाखीत आहे, असे काही काळाने जेवणाच्या मेजावर कोणीतरी सांगितले. कॅव्हेंडिशला वाईट वाटले, पण आपण काय करावे हे त्याला सुचेना. काही मदत करता येईल असे कोणीतरी सुचवल्यावर त्याने विचारले की दहा हजार पौंड पुरतील का. त्या काळी एवढ्या पैशांत माणूस आयुष्यभर सुखाने जगू शकत होता.

धर्मादायाची यादी समोर आली की सर्वांत मोठी रक्कम कोणती ते तो पाही आणि तेवढीच देई. किती द्यावे याचा अंदाज मनाने बांधता येत नव्हता, म्हणून त्याने एक नियमच करून ठेवला होता.

तिसरी गोष्ट त्याच्या क्लॅपहॅम येथील घराच्या परिसरातली. एक उधळलेली गाय एका बाईच्या मागे लागली. बायकांच्या सावलीलाही उभा न राहणारा कॅव्हेंडिश मध्ये पडला, गाय हाकलली आणि आभार मानायची संधीही न देता निघून गेला.

मैत्रीही होती. चार्ल्स ब्लॅगडेन हा डॉक्टर काही वर्षे त्याचा निकटचा सहकारी होता. दोघांनी मिळून इंग्लंड-वेल्समधले कारखाने आणि खाणी पाहत प्रवास केले. पुढे दोघांत अंतर पडले, तरी कॅव्हेंडिशने मृत्युपत्रात ब्लॅगडेनसाठी पंधरा हजार पौंड ठेवले.

या साऱ्या आठवणी इतरांनी सांगितलेल्या आहेत आणि त्यांत थोडे मीठमसाला असणारच. तरी त्यांतून एक सूत्र दिसते. समोरच्याला काय वाटते हे सूचक शब्दांतून, चेहऱ्यावरून त्याला उमजत नसे. कोणी ते स्पष्ट शब्दांत सांगितले, किंवा संकट डोळ्यांसमोर धडधडीत दिसले, की तो मागे हटत नसे.

अखेर आणि नंतरचे चित्र

२४ फेब्रुवारी १८१० रोजी क्लॅपहॅमच्या घरी कॅव्हेंडिशचे निधन झाले. शेवटच्या तासांतही त्याने नोकराला खोलीबाहेर जायला सांगितले होते, असे म्हणतात. त्याने लग्न केले नव्हते. त्याच्या मागे अफाट संपत्ती राहिली आणि तिचा मोठा भाग घराण्यातच गेला. याच घराण्यातल्या सातव्या ड्यूकच्या देणगीतून १८७४ मध्ये केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा उभी राहिली.

जॉर्ज विल्सन या रसायनशास्त्रज्ञाने १८५१ मध्ये त्याचे चरित्र लिहिले. आठवणी गोळा करून जपल्याबद्दल त्याचे ऋण मोठे आहे. मात्र त्याने काढलेला निष्कर्ष असा होता की या माणसाला प्रेम, द्वेष, आशा, भीती यांतले काहीच नव्हते. तो केवळ विचार करणारे यंत्र होता. ज्याच्या चेहऱ्यावर भावना दिसत नाही त्याला ती नसतेच, असे विल्सनने गृहीत धरले. घराघरांत आजही नेमकी हीच चूक होते.

समानुभूतीचे दोन धागे

समानुभूती म्हणजे दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे. आपण हा एकच गुण समजतो. मानसशास्त्रज्ञ मात्र तिचे निदान दोन भाग करतात.

पहिला भाग ओळखण्याचा. आवाजाचा सूर, भुवया, डोळे, सूचक बोलणे यांवरून समोरच्याच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधणे. याला बोधात्मक समानुभूती म्हणतात. दुसरा भाग वाटण्याचा. समोरचा दुःखात आहे हे कळल्यावर आपल्यालाही कालवणे, मदत करावीशी वाटणे. ही भावनिक समानुभूती.

स्वमग्न व्यक्तींना प्रामुख्याने पहिल्या भागात अडचण येते. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा एक साधा खेळ वापरला. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून जाते, दुसरी ती काढून डब्यात ठेवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? जे आपल्याला माहीत आहे ते तिला माहीत नाही, हे ध्यानात घेऊन टोपली असे उत्तर द्यायचे. बऱ्याच स्वमग्न मुलांना हे जड गेले. पुढे फक्त डोळ्यांची छायाचित्रे दाखवून भावना ओळखायला सांगणारी चाचणीही आली. तिच्यातही स्वमग्न प्रौढांचे गुण सरासरीने कमी येतात. सरासरीने हा शब्द महत्त्वाचा, कारण अनेक स्वमग्न व्यक्ती या चाचण्या उत्तम सोडवतात.

दुसऱ्या भागाचे चित्र वेगळे आहे. समोरच्याचे दुःख स्पष्ट कळले की बहुतेक स्वमग्न व्यक्तींना ते जाणवते. काहींना तर इतके जाणवते की ते सहन होत नाही, मग ती व्यक्ती खोलीबाहेर निघून जाते किंवा कान झाकून घेते. पाहणाऱ्याला वाटते की हिला काही पडलेली नाही. नजरेला नजर देण्याचेही असेच आहे. समोरच्याच्या डोळ्यांत बघायला लावले असता स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूतले भावनांशी संबंधित भाग जास्त उद्दीपित होतात, असे मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासात दिसले आहे. नजर टाळणे हा पुष्कळदा स्वतःला सावरण्याचा मार्ग असतो. कॅव्हेंडिशची ती पळापळ या अंगाने पाहिली की वेगळी दिसते.

याच्या अगदी उलट स्थिती समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या काही लोकांत आढळते. त्यांना समोरच्याचे मन छान वाचता येते, पण त्याच्या दुःखाने काही होत नाही. स्वमग्नता आणि निर्दयपणा यांची गल्लत करू नये, ती याचसाठी.

आणखी दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे अ‍ॅलेक्सिथायमिया, अर्थात स्वतःच्याच भावना ओळखता आणि शब्दांत सांगता न येणे. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, पण ही भीती आहे की राग हे कळत नाही. सुमारे निम्म्या स्वमग्न व्यक्तींमध्ये ही अडचण असते. इतरांत ती बरीच कमी आढळते. भावना ओळखण्यातली जी अडचण आपण स्वमग्नतेच्या खात्यावर टाकतो, तिचा मोठा भाग खरे तर या अ‍ॅलेक्सिथायमियाचा असावा, असे अलीकडचे संशोधन सुचवते. ज्याला स्वतःचे दुःख ओळखता येत नाही, त्याला दुसऱ्याचे कसे ओळखता येणार?

दुसरी गोष्ट म्हणजे न समजणे दोन्ही बाजूंनी असते. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये हा मुद्दा मांडला. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे चेहरे वाचता येत नाहीत हे खरे, पण इतरांनाही तिचा चेहरा वाचता येत नाही. दोन स्वमग्न व्यक्तींचे एकमेकांशी पुष्कळदा छान जुळते. विल्सनला कॅव्हेंडिश वाचता आला नाही. वोलास्टनला आला.

मग कॅव्हेंडिश स्वमग्न होता का?

नक्की सांगता येणार नाही. निदानासाठी बालपणापासूनची माहिती लागते, आणि कॅव्हेंडिशच्या बालपणाच्या नोंदी फारच तुटपुंज्या आहेत. एकाच ठरलेल्या पद्धतीचा आग्रह, मोजक्या विषयांत खोल रमणे, नजर टाळणे, सामाजिक संकेत न उमजणे ही लक्षणे जुळतात. पण तीव्र बुजरेपणा, सामाजिक भीतीचा विकार, लहानपणीच आई जाणे, सरदारी वातावरण यांचाही वाटा असू शकतो. सॅक्स यांच्या लेखाच्या शीर्षकातही प्रश्नचिन्ह आहे. २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात अ‍ॅस्पर्जर हे वेगळे निदान राहिलेले नाही. ते आता स्वमग्नतेच्या व्यापक पटात मोडते.

आपल्या नात्यातल्या एखाद्या अबोल माणसावरही हा लेख वाचून शिक्का मारू नका. काही गुण जुळणे वेगळे आणि निदान वेगळे.

घरच्यांनी काय करावे

* सूचक बोलू नका, सरळ सांगा. तोंड फुगवून बसण्यापेक्षा मला आज वाईट वाटते आहे, जरा माझ्याजवळ बस, असे सांगितलेले चांगले. सांगून मिळालेल्या मायेला किंमत नाही असे मानू नका. ग्रंथपालाची हकीकत सांगितल्यावरच कॅव्हेंडिशचा हात पुढे आला होता.
* डोळ्यांत बघ म्हणून जबरदस्ती करू नका. शेजारी बसून, चालताना, भाजी निवडताना किंवा गाडीत बोला. वोलास्टनची युक्ती हीच.
* लिहून बोलणे कमीपणाचे नाही. चिठ्ठी किंवा मोबाइलवरचा निरोप अनेकांना समोरासमोरच्या बोलण्यापेक्षा सोपा जातो.
* उत्तराला वेळ द्या. प्रश्न विचारून मनातल्या मनात दहा आकडे मोजा. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारला की गोंधळ वाढतो.
* मुलाच्या भावनेला नाव द्या. तुझ्या मुठी आवळल्या आहेत, तुला राग आला आहे का, असे शरीराच्या खुणेपासून सुरू करा.
* आवडीच्या विषयातून माणसांत न्या. लॉर्ड चार्ल्स यांनी मुलाला सोसायटीत नेले तसे.
* स्वतःचे दुखणे दाबू नका. जोडीदाराला मुद्दाम त्रास द्यायचा नव्हता हे कळले तरी तुमचे मन दुखावलेले असतेच. दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जाणे पुष्कळदा उपयोगी पडते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

मूल वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोट दाखवून काही दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे होत असतील, तर थांबू नका. बोलेल हळूहळू, याचे वडीलही उशिरा बोलले होते, असे म्हणून वर्ष घालवू नका. आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि बालविकासतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही तपासणीची सोय असते.

मोठेपणी शंका आली तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जा. लहानपणची माहिती सांगू शकेल असे कोणी सोबत असल्यास उत्तम. स्वमग्नतेचे निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. ते बोलून, निरीक्षण करून आणि प्रमाणित चाचण्यांनी होते. नैराश्य, चिंता आणि झोपेच्या तक्रारी सोबत असू शकतात आणि त्यांवर उपचार आहेत. आत्महत्येचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलतींबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

कॅव्हेंडिशच्या आयुष्यात त्याला समजून घेणारी माणसे थोडी होती: वडील, काही वर्षे ब्लॅगडेन, आणि बाजूला उभे राहून बोलणारे काही सहकारी. तेवढ्या आधारावर तो पन्नास वर्षे माणसांत येत राहिला. तुमच्या घरातही कोणी दाराशी घुटमळत असेल, तर त्याला आत यायचे आहे असेच धरून चाला.